नळीतला उजेड

वर्तमानपत्रात अधूनमधून चार ओळींची एक बातमी येते. 'बंदूक साफ करताना गोळी सुटून एक ठार.' कधी तो बँकेच्या दारावरचा रखवालदार असतो, कधी रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारा शेतकरी, कधी निवृत्त जवान; आणि कधी त्याच खोलीत अभ्यास करत बसलेलं त्याचं पोर. ही बातमी वाचताना मी दर वेळी 'साफ करताना' या दोन शब्दांपाशी अडखळतो. कारण बंदुकीच्या सफाईची पहिली पायरी म्हणजे ती रिकामी आहे की नाही, हे पाहणं. ती पायरी राहिली, तर पुढं हातात फडकं असो की तेलाची बाटली, त्या कामाला सफाई म्हणता येत नाही.

आज मी रायफलची नळी नीट कशी साफ करतात यावर बोलणार आहे. कविता सोडून हा माणूस बंदुकीकडे कसा वळला, असं काहींना वाटेल. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे माझं आजोळ शिकलगारांचं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, त्यांना झिलई देणारे. 'सैकल' हा मूळ अरबी शब्द, अर्थ घासून चकाकी आणणं. फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडे आला आणि मराठी मातीत 'शिकल' झाला. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे शिकलगार आडनावाची मुसलमान घरं आजही आहेत. खंडेनवमी जवळ आली की गावातल्या तलवारी, भाले, कट्यारी त्यांच्या दारात यायच्या. पूजा तुमची, झिलई आमची, असा तो सोपा व्यवहार होता.

दुसरं कारण एनसीसीचं. बी.ए. करताना मी कॅडेट होतो. लष्करात शिकवणाऱ्या हवालदाराला 'उस्ताद' म्हणतात. तोवर हा शब्द मी गाण्या-बजावण्यातल्या माणसांसाठीच ऐकला होता. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी कुणाला नेम धरू दिला नाही. आधी 'थ्री नॉट थ्री' मांडीवर घ्यायला लावली आणि तिच्या आत पाहायला शिकवलं.

मॅगझीन काढायचं. बोल्ट मागं ओढायचा. चेंबरमध्ये डोळ्यानं पाहायचं, आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला. काडतुसं त्या जागेवर नकोतच, शक्य असेल तर त्या खोलीतही नकोत. मग बोल्ट बाहेर काढून बाजूला ठेवायचा. आता अंगठ्याचं नख चेंबरच्या मागं तिरकं धरायचं, म्हणजे त्यावर पडलेला उजेड नळीत जातो, आणि मग दुसऱ्या टोकाकडून आत पाहायचं. काळोख्या लोखंडात उजेडाचं एक वर्तुळ दिसतं आणि त्याभोवती पिळासारखे फिरत गेलेले आटे. बोल्ट बाहेर आहे, पलीकडे आपलाच अंगठा आहे, म्हणूनच ही एक वेळ अशी की नळीच्या तोंडाशी डोळा न्यायला परवानगी असते. एरवी नाही.

हे आटे म्हणजे रायफलचा प्राण. त्यांच्यामुळं गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. थ्री नॉट थ्रीच्या नळीत असे पाच आटे असतात. नळी साधारण पंचवीस इंचांची, आणि दर दहा इंचांना एक वेढा. म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळीच्या अडीच गिरक्या पूर्ण होतात. त्या आट्यांची खोली मात्र मिलिमीटरचा साधारण सहावा हिस्सा, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवावेत इतकी. दोन केसांच्या खोलीवर सगळी नेमबाजी उभी आहे, हे लक्षात घेतलं की सफाई हे मनगटाच्या जोराचं काम नव्हे, हे आपोआप कळतं.

आत साचतं काय? दारू जळाल्याची काजळी. गोळीच्या अंगाचं घासून राहिलेलं तांबं किंवा शिसं. आणि काही काडतुसांच्या बाबतीत, डोळ्यांना न दिसणारं मीठ.

काजळीची गोष्ट आपल्या इतिहासाला चांगलीच भोवलेली आहे. १८५७ साली कंपनी सरकारच्या शिपायांना नवी एनफील्ड रायफल मिळणार होती. तिला आटे होते आणि ती तोंडाकडून भरायची होती. त्या काळची काळी दारू एवढी काजळी सोडायची की दहा-वीस बार काढल्यावर पुढची गोळी आत ढकलणं कठीण व्हावं. म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली असे. गोळी सुळकन आत जावी आणि काजळी मऊ राहावी यासाठी. तो कागद दातानं फाडायचा होता. चरबी गाईची आणि डुकराची आहे अशी वदंता पसरली, आणि हिंदू नि मुसलमान शिपाई एकाच काडतुसापाशी येऊन थांबले. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी हत्यार उचललं. २४ एप्रिलला मीरतच्या तिसऱ्या घोडदळातल्या ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला आणि १० मे रोजी तिथं वणवा पेटला. उठावाची कारणं अर्थातच खोलवरची होती. पण ठिणगी पडली ती नळीतल्या काजळीवर काढलेल्या तोडग्यातून. तोडगा काढणाऱ्यांनी लोखंडाचा विचार केला, तोंडाचा केला नाही.

आता मिठाचं. पूर्वी काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असायची, तिच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की पोटॅशियम क्लोराईड मागं राहतं, आणि ते आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचंच भावंड. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको. नळीतलं मीठही तसंच हवेतला ओलावा ओढून घेतं. संध्याकाळी जवान मनापासून तेल-पाणी करून रायफल ठेवायचा आणि तिसऱ्या दिवशी आत तांबूस गंज दिसायचा. त्याला वाटायचं, आपलं तेल कमी पडलं. पण मीठ तेलात विरघळत नाही. तेलाचा थर वर आणि मीठ खाली, निवांत आपलं काम करत राहतं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सनं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानं हे कारण नेमकं दाखवून दिलं. पण ब्रिटिश फौजेतल्या जवानांना उपाय आधीपासून माहीत होता. नरसाळ्यातून नळीत उकळतं पाणी ओतायचं. पाणी मीठ धुऊन नेतं, आणि लोखंड इतकं तापतं की उरलेला ओलावा स्वतःच उडून जातो. मग कोरडी चिंधी, मग तेल. आजच्या बहुतेक काडतुसांत हा मसाला नसतो, म्हणून पाणी घालायची गरज उरलेली नाही. जुन्या साठ्यातली काडतुसं वापरली, तर मात्र जुनाच उपाय.

आमच्या कॅडेटांच्या हाती असायचा तो 'पुलथ्रू'. उस्तादांच्या तोंडी तो 'फुलथ्रू' व्हायचा आणि आमच्याही झाला. एक मजबूत दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फासे. रायफलच्या दस्त्यात एक छोटी खोबण असते. तिच्यात ही दोरी आणि तेलाची पितळी बाटली गुंडाळून बसते. फाशात चिंधी अडकवायची. चिंधीचं मापही ठरलेलं. पुसण्यासाठी चार इंच बाय दोन इंच, तेल लावण्यासाठी चार इंच बाय दीड. आम्हाला वाटायचं, चिंधीला कसलं माप? पण मोठी चिंधी नळीत अडकते, आणि अडकलेली चिंधी काढणं कारागिराचं काम होऊन बसतं. लहान चिंधी नुसती फिरून येते, आट्यांच्या तळाला टेकतच नाही. तेलाची चिंधी अर्ध्या इंचानं अरुंद, कारण तिला घासायचं नसतं, थर ठेवून यायचं असतं.

पितळी वजन चेंबरकडून आत सोडायचं, तोंडाकडून बाहेर आलं की दोरी धरायची आणि एका दमात, सरळ रेषेत ओढायची. मध्ये थांबायचं नाही. आणि मुख्य म्हणजे दोरी तिरकी धरायची नाही. दोरीला धूळ चिकटते. तिरकी ओढलेली धुळकट दोरी नळीच्या तोंडाची कड हळूहळू कापत जाते. दोरीनं लोखंड कापलं जातं यावर कुणाचा विश्वास बसत नसेल, तर त्यानं जुन्या विहिरीच्या काठावरचा दगड आठवावा. त्यातले खाचे दोरानंच पाडलेले असतात.

ही तोंडाची कड फार मोलाची. गोळी नळीचा निरोप घेते ती तिथं. ती कड एका बाजूला झिजली, तर मागून येणारा वायू त्या बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला जाता जाता किंचित धक्का बसतो. पुढं नेम कितीही चांगला असो, गोळी भलतीकडं जाते. फैरी झाडून झिजलेल्या नळ्या असतातच. पण चुकीच्या सफाईनं बिघडलेल्या नळ्याही कमी नसतात, हे कुठलाही जाणता कारागीर सांगेल.

नेमबाजीच्या मैदानावर दोरीऐवजी गज वापरतात. मराठीत हा शब्द जुना आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू ठासायचा तोही गजच. सफाईचा गज शक्यतो एकसंध असावा. तुकडे जोडून केलेला गज वाकतो आणि जोडावरची कड आट्यांना घासते. मऊ धातूच्या गजात धुळीचे कण रुतून बसतात, मग तोच कानस होतो. गज घालायचा तो मागून, चेंबरकडून, आणि मार्गदर्शक नळी बसवून, म्हणजे तो मधोमध राहतो. मूठ फिरती हवी, म्हणजे चिंधी आट्यांच्या पिळाबरोबर फिरत जाते. चिंधी तोंडाबाहेर आली की तिथंच काढून टाकायची. घाण पुढं ढकलून बाहेर काढली आणि परत तीच आत ओढली, याला काय अर्थ? ब्रश वापरला तर तो पूर्ण बाहेर जाऊ द्यायचा, मध्येच उलटा फिरवायचा नाही. आणि दर फेरीनंतर गज पुसायचा.

पहिली चिंधी काळीभोर येते. दुसरी राखाडी. औषध लावून थोडा वेळ थांबलात, तर तांब्यामुळं पुढची हिरवट-निळी येते. मग हळूहळू रंग उतरत जातो. चिंधी हे नळीचं पत्र आहे, ते वाचता आलं पाहिजे. यात एक गंमत सांगतो. गजाच्या टोकाला चिंधी धरणारा भाग पुष्कळदा पितळी असतो. पितळात तांबं असतं. त्यामुळं नळी केव्हाच स्वच्छ झाली तरी चिंधी निळी येतच राहते, कारण औषध त्या पितळालाच खात असतं. माणूस आपला घासतोय, घासतोय. मळ नळीत नाही, आपल्या हातातल्या साधनात आहे, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. हे वाक्य बंदुकीपुरतंच घ्यायचं की आणखी कुठं लावायचं, ते श्रोत्यांनी ठरवावं.

शेवटी तेल. दिव्याखालचं फडकं ओलसर असतं, तितपत. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, असा आपल्याकडं समज आहे. पण साठलेलं तेल ओघळतं, दस्त्याचं लाकूड कुजवतं, धूळ धरतं. आणि बार काढण्याआधी नळीतून, चेंबरमधून कोरडी चिंधी फिरवून ते तेल काढायलाच हवं. तेलकट नळीतली पहिली गोळी ठरल्या जागी जात नाही, आणि तेल फार असेल तर नळीवर नको तितका दाब येऊ शकतो. ठेवताना लावलेलं तेल वापरताना काढायचं, हे विसरून चालत नाही.

तर मग रोज लखलखीत करावी का? इथं खरे जाणकार आपल्याला चकित करतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलं. या प्रकारात भारताला मिळालेलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. पन्नास मीटरवरच्या त्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढं. या दर्जाची नेमबाजी करणारे लोक नळीला जिवापाड जपतात. पण साफ किती वेळा करावी, यावर त्यांच्यात मतभेद आहेत. कुणी दर सरावानंतर करतो, कुणी शेकडो फैरींनंतर. कारण पूर्ण निखळ केलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या किंचित वेगळ्या जागी जातात. नळीत शिशाचा आणि मेणाचा पातळ थर पुन्हा बसला की ती 'स्थिरावते'. म्हणजे सगळाच थर मळ नसतो. काही थर त्या नळीच्या कामाचाच भाग असतो. कुठला ठेवायचा नि कुठला काढायचा, हे फक्त पाहणाऱ्याला कळतं, घासणाऱ्याला नाही.

उलट टोकाची गोष्ट व्हिएतनाममधली. १९६० च्या दशकात अमेरिकी जवानांच्या हाती एम-१६ ही नवी रायफल आली. ती फारशी साफ करावी लागत नाही, असा समज पसरला. सफाईचं साहित्य आणि शिक्षण जवानांपर्यंत पुरेसं पोचलं नाही. त्यातच काडतुसातली दारू बदलली गेली, चेंबरला क्रोमचा मुलामाही नव्हता. ऐन चकमकीत रिकामी पुंगळी चेंबरमध्येच अडकून बसायची. मग ज्याच्याकडं गज असेल, तो गोळीबार चालू असताना नळीत गज घालून ती ढकलायचा. रायफल हातात असून माणसं निःशस्त्र झाली आणि त्यात जिवाला मुकली. १९६७ साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीनं याची चौकशी केली. पुढं मुलामा आला, सफाईचे संच आले, आणि विल आइझनर या नामवंत चित्रकथाकाराकडून सफाईची सचित्र पुस्तिका करून घेऊन ती जवानांना वाटली गेली. कागदावरच्या एका सोयीस्कर समजुतीची किंमत चिखलात उभ्या असलेल्या विशी-बाविशीच्या पोरांनी मोजली होती.

माझ्या आजोळच्या लोकांनी असल्या रायफली कधी हाती धरल्या नाहीत. त्यांचं काम तलवारी, विळे, अडकित्ते, आणि पुढं पुढं न्हाव्याचे वस्तरे, शिंप्याच्या कात्र्या. पण त्यांचा एक शब्द मला उस्तादांच्या चिंधीपाशी हटकून आठवतो. झिलई देताना पातं बोटानं चाचपून ते म्हणायचे, 'बस, आता पातं दुखेल.' लोखंडाला दुखतं की नाही, देव जाणे. पण गंज संपला आणि पोलाद लागलं, हे ज्या बोटाला समजतं, तेच बोट शिकलगाराचं. सूफी मंडळी हृदयाला आरसा म्हणतात. त्या काळचे आरसे लोखंडाचे असत, त्यांना गंज चढे, म्हणून त्यांना 'सैकल' लागे. आपल्या संतांनीही चित्तशुद्धीची भाषा केली. या सगळ्यांना घासण्यापेक्षा पाहण्याचीच घाई असावी, असं मला वाटतं. आरसा घासायचा तो शेवटी त्यात काही दिसावं म्हणूनच ना?

सराव संपला की आम्ही रायफली 'कोत'मध्ये जमा करायचो. कोत म्हणजे शस्त्रागार. तिथं रायफलीला नंबर असतो, मालक नसतो. आज माझ्या हातात असलेली रायफल उद्या दुसऱ्याच कुणाच्या खांद्याला लागणार. ती सुटल्यावर धक्का त्याला बसणार, गोळी कुठं जाते ते त्याला पाहावं लागणार. आम्ही जी चिंधी फिरवायचो, ती त्या न पाहिलेल्या मुलासाठी असायची. जमा करून घेताना उस्ताद प्रत्येक नळीत डोकावायचे. आत उजेडाचं वर्तुळ स्वच्छ दिसलं की नुसती मान हलवायचे आणि पुढची रायफल मागायचे.